नौदलातल्या काकांची पत्रं आणि सेवेचे कागद: लावायचे कसे, जपायचे कसे?

शियाबाग_वडोदरा

नमस्कार मंडळी. आमचे थोरले काका नौदलात अधिकारी होते. 1950 मध्ये देहरादूनला जॉइंट सर्व्हिसेस विंगमध्ये, म्हणजे तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांच्या एकत्र प्रशिक्षणाच्या संस्थेत, दाखल झाले आणि 1980 मध्ये कमांडर म्हणून निवृत्त झाले. काका आता नाहीत. काकू आहेत, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू आहे. काकांची पत्र्याची ट्रंक आता आमच्याकडे आली आहे.

ट्रंकेत दोन तऱ्हेचे कागद आहेत. एक म्हणजे आजी-आजोबांना आणि नंतर काकूंना लिहिलेली साडेतीनशेच्या आसपास पत्रं. बहुतेक इनलँड आणि विमानपत्रं, थोडी पाकिटातली. आजीने नाडीने बांधून गठ्ठे केलेले आहेत. तारीख बहुतेकांवर आहे, साल मात्र निम्म्यांवर नाही. दुसरे सरकारी: राष्ट्रपतींच्या नावाचं कमिशन (अधिकारीपदाची सनद), नेमणुकीची आणि बढतीची पत्रं, कोर्सेसचे दाखले, मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) असतानाचं जर्नल, टेलिप्रिंटरवरचे संदेश, तारा, माउंट केलेले (पुठ्ठ्यावर चिकटवलेले) ग्रुप फोटो, चार पदकं. काही कागदांवर ‘कॉन्फिडेन्शियल’ असा शिक्का आहे.

टाचण्या गंजल्या आहेत, काही इनलँड घडीवर फाटायला आली आहेत. घर तळमजल्यावर आहे आणि 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं होतं, म्हणून घाई वाटते. सगळं तारखेनुसार लावून स्कॅन करावं असं भावंडांचं म्हणणं आहे. सुरुवात कुठून करावी? शिक्क्याच्या कागदांचं काय करायचं? आणि पुढेमागे एखाद्या संस्थेला द्यायचं झालं तर कुणाला?

अभिलेख_सेवक

ताई, आधी ट्रंक जमिनीवरून उचला. वरच्या मजल्यावर कुणाचं घर असेल तर तिथे ठेवा, नाहीतर लोखंडी कपाटाच्या वरच्या दोन कप्प्यांत. माळा नको, स्लॅबखाली उन्हाळ्यात कागद भाजून निघतो. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. ट्रंकेचा पत्रा पावसाळ्यात आतून घाम धरतो आणि गंज थेट कागदावर उतरतो, त्यामुळे कायमची जागा म्हणून ट्रंक नकोच.

दुसरी गोष्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची: आजीने बांधलेले गठ्ठे सोडून तारखेचा एकच ढीग करू नका. कुठलं पत्र कुठल्या गठ्ठ्यात कितवं होतं, हीच साल नसलेल्या पत्रांची निम्मी माहिती आहे. शेजारच्या दोन पत्रांवर 1958 असेल तर मधलंही बहुधा त्याच सुमाराचं. गठ्ठा सोडण्याआधी तो जसा आहे तसा वरून आणि कडेने फोटो काढून घ्या. मग गठ्ठ्यांना क, ख, ग अशी अक्षरं द्या आणि प्रत्येक पत्राच्या मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, न दाबता, क-1, क-2 असा आकडा घाला. बॉलपेन, स्केच पेन, चिकटणारं लेबल अजिबात नाही. पाकीट असेल तर त्याला क-1-पा असा त्याच पत्राचा आकडा द्या. पाकीट आणि पत्र एकदा वेगळं झालं की पुन्हा जुळत नाही. तारखेनुसार क्रम संगणकावरच्या यादीत लावा, तिथे तो हवा तितक्या वेळा बदलता येतो. मूळ कागद आजीच्या क्रमातच राहू द्या.

गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही, गंजाने ती कागदाला धरलेली असते आणि ओढलं की भोकाभोवतीचा तुकडा सोबत येतो. जाड पारदर्शक पॉलिएस्टरची बोटभर रुंद पट्टी टाचणी आणि कागद यांच्यामध्ये सरकवा, मग टाचणी अलगद सोडवा, म्हणजे खालचा कागद सुरक्षित राहतो. स्टेपल असेल तर कागद उलटा करून आधी त्याचे दोन्ही पाय बोथट सुरीने उभे करा, मग पुढून अलगद उचला. टाचणीने जोडलेले कागद एकत्र राहायला हवेत, म्हणून चौघडी केलेल्या कोऱ्या कागदाच्या घडीत ते ठेवा. यूक्लिप किंवा रबरबँड पुन्हा लावू नका. रबर काही वर्षांत वितळून कागदाला चिकटतं.

धूळ मऊ इंचभर ब्रशने, मधून कडेकडे झटकायची. बुरशीची पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसली तर तो कागद बाजूला काढा, मास्क लावून अंगणात झटका, पंख्याखाली नाही. उन्हात वाळवायला टाकू नका. त्या काळची धुता येणारी निळी शाई उन्हाने उडते आणि थेंबभर पाण्यानेही पसरते, त्यामुळे ओला बोळा, थुंकी लावलेलं बोट, काहीच चालणार नाही. काळसर निळी शाई पाण्याला तितकी भीत नाही, पण जाड ओढलेल्या रेघांवर ती वर्षानुवर्षं कागद खात जाते. तिथे घडी पुन्हा पुन्हा उघडली की अक्षरासकट तुकडा पडतो.

इनलँडबद्दल वेगळं सांगतो. तो कागद पातळ आणि तीन बाजूंनी डिंकाचा. उघडताना फाटलेल्या कडेच्या पट्टीवरही बऱ्याचदा मजकूर असतो, ‘ता. क.’ हमखास तिथेच. ती पट्टी कचरा समजून टाकू नका, त्याच पत्राच्या घडीत ठेवा. घडीवर फाटायला आलेलं पत्र एकदाच उघडा, दोन्ही बाजू स्कॅन करा आणि नंतर उघडंच, सपाट ठेवा. चिकटपट्टी लावाल तर दहा वर्षांत पिवळा, तेलकट डाग पडतो आणि तो निघत नाही. पांढरा गोंदही नको, तो वाळल्यावर कडक होतो आणि परत सुटत नाही. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ हा उपाय आहे, पण तो शिकून करायचा. तुम्ही वडोदऱ्यात आहात हे नशीब. महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभाग आहे, या विषयाचा देशातला पहिला. चार-सहा नमुन्याची पत्रं आणि फोटो घेऊन तिथे जाऊन विचारा.

गुंडाळायला लाल बस्ता वापरू नका. ओला झाला की रंग कागदात उतरतो. मांजरपाट आणा, दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढा, वाळवून इस्त्री करा आणि त्यात बांधा. आतल्या फोल्डरसाठी आम्लमुक्त कागद मागवा. हातकागद घेणार असाल तर सुती चिंध्यांचा, बिनरंगाचा घ्या आणि त्याचा पीएच 7 किंवा थोडा वर आहे ना, ते विकणाऱ्याला विचारा. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका, फोटोंच्या डब्यात तर नाहीच. कडुनिंबाच्या पाल्याचेही डाग पडतात. वाळवी आणि कसर टाळायची तर कपाट कोरडं ठेवणं आणि महिन्यातून एकदा उघडून बघणं याला पर्याय नाही. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवलंत तर नारंगी रंगाचं घ्या, रंग बदलला की मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र कपाटात ठेवा. आकडा 65 टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीची वेळ आली असं समजा.

नौदल_दप्तर

अभिलेख_सेवक यांनी कागदाचं सांगितलं, मी मजकुराकडून सांगतो. पत्रं वाचायला घेण्याआधी सरकारी कागदांतून एक तक्ता करा: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या जहाजावर किंवा तळावर, कुठल्या हुद्द्यावर. नेमणूक पत्रं, बढतीची पत्रं, कोर्सचे दाखले आणि जेनफॉर्म सापडले तर ते, यांतून हा तक्ता भरतो. जेनफॉर्म म्हणजे अधिकाऱ्याच्या आयुष्यातल्या नोंदी: हजर झाला, रजेवर गेला, लग्न झालं, मूल झालं, बढती मिळाली. तो तक्ता समोर ठेवून पत्रं वाचलीत तर बिनसालाची पत्रं आपोआप जागा सांगू लागतात. उलट केलंत, म्हणजे आधी पत्रं आणि मग सरकारी कागद, तर गोंधळ होतो, कारण पत्रात माणूस लिहितो ‘इथे फार उकडतंय’, आणि इथे म्हणजे कुठे हे तो घरच्यांना गृहीत धरतो.

तक्ता करताना घरचे लोक नेहमी अडखळतात अशा काही जागा आहेत.

‘आयएनएस’ लिहिलं की जहाजच असं नाही. किनाऱ्यावरचे तळही त्याच नावाने चालतात. वलसुरा म्हणजे जामनगरची इलेक्ट्रिकल शाळा, शिवाजी म्हणजे लोणावळ्याची इंजिनिअरिंगची, वेंदुरुथी कोचीन, आंग्रे मुंबई, हमला मालाड, सरकार्स विशाखापट्टणम, गरुड हे कोचीनचं विमानतळ, अश्विनी म्हणजे कुलाब्याचं इस्पितळ. पत्रावर ‘आयएनएस अश्विनी’ असेल तर काका तिथे नेमणुकीवर नव्हते, बहुधा आजारी होते, आणि मग त्याच महिन्याची मेडिकल बोर्डाची कागदपत्रं शोधा.

जहाजांची नावं पुन्हा वापरतात. जुनं विक्रांत 4 मार्च 1961 ला बेलफास्टमध्ये नौदलात आलं, 3 नोव्हेंबर 1961 ला मुंबईत पोहोचलं आणि 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झालं. आताचं विक्रांत 2 सप्टेंबर 2022 चं. म्हैसूर, दिल्ली, बेतवा, खुकरी ही नावंही दोन-दोन जहाजांची आहेत. तक्त्यात नुसतं नाव न लिहिता ‘जुनं म्हैसूर, क्रूझर, 1957 पासून’ असं लिहा, नाहीतर पुढच्या पिढीतला कुणी इंटरनेटवरून भलत्याच जहाजाचा फोटो चिकटवेल. 26 जानेवारी 1950 च्या आधीच्या कागदांवर ‘एचएमआयएस’ दिसेल, तेव्हा नौदलाच्या नावात ‘रॉयल’ होतं.

हुद्द्याचंही तसंच. नौदलातला कमांडर भूदलातल्या लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा, आणि नौदलातला कॅप्टन कर्नलच्या. भूदलातल्या कॅप्टनशी बरोबरी लावली की सगळी बढतीची साखळी चुकते. पत्रात ‘अमुक तारखेला अर्धी पट्टी वाढली’ असं असेल तर ती लेफ्टनंटचा लेफ्टनंट कमांडर झाल्याची बातमी आहे. त्या बढतीची सरकारी तारीख भारताच्या राजपत्रात मिळते: भाग 1, विभाग 4, संरक्षण मंत्रालयाच्या नेमणुका आणि बढत्या. नाव तिथे सापडलं की वैयक्तिक क्रमांकाशी पडताळा. क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं, तेही उतरवून घ्या.

टेलिप्रिंटरच्या संदेशावर सहा आकडे आणि एक अक्षर असतं. 042030 आणि पुढे झेड म्हणजे 4 तारीख, ग्रिनिच वेळ 20:30. भारतीय वेळ काढायला साडेपाच तास मिळवा, म्हणजे 5 तारखेचे पहाटेचे 2. तारीखच बदलली. घरच्या पत्रातली तारीख आणि संदेशाची तारीख एका दिवसाने जुळत नाही तेव्हा नव्वद टक्के वेळा कारण हेच. 1971 च्या डिसेंबरचे कागद असतील तर याकडे नीट लक्ष द्या, कारण कराची हल्ला 4 आणि 5 डिसेंबरच्या मधल्या रात्रीचा आहे.

पदकांच्या कडेवर भिंगाने बघा, क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पश्चिमी स्टार असेल तर 1971 मध्ये पश्चिम आघाडी, पूर्वी स्टार असेल तर पूर्व. नाव कोरलेल्या कडेला पॉलिश लावू नका, अक्षरं झिजतात. मऊ कोरड्या कापडाने पुसलं की पुरे.

आणि मिडशिपमनचं जर्नल सगळ्यात वर ठेवा. तरुण अधिकाऱ्याने रोजचं लिहायचं, नकाशे आणि आकृत्या काढायच्या आणि वरिष्ठाने वाचून सही करायची, अशी ती वही असते. समुद्रातल्या तारखा, बंदरं, कवायती सगळं क्रमाने मिळतं. त्यात चिकटवलेले ट्रेसिंग कागद ठिसूळ होतात, म्हणून वही सपाट पूर्ण उघडू नका, दोन्ही बाजूंना उशीसारखा आधार देऊन अर्धी उघडा आणि वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या.

जुनी_टपाल

तारखा लावायला तिकिटं आणि शिक्के वापरा. आण्यातलं तिकीट असेल तर पत्र बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीचं, नये पैसे छापलेलं असेल तर त्या तारखेनंतरचं. नुसते पैसे असतील तर 1 जून 1964 च्या नंतर. पण एक ध्यानात ठेवा: तिकीट फक्त ‘याच्या आधीचं असू शकत नाही’ एवढंच ठामपणे सांगतं. घरात पडून राहिलेली जुनी इनलँड लोक नंतरही वापरत. रिफ्यूजी रिलीफचं (निर्वासितांच्या मदतीसाठीचं) 5 पैशांचं जादा तिकीट असेल तर 15 नोव्हेंबर 1971 ते 31 मार्च 1973. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर 15 ऑगस्ट 1972 च्या नंतर.

समुद्रावरच्या जहाजाचं टपाल फ्लीट मेल ऑफिसमधून जातं, म्हणून शिक्क्यावर मुंबई किंवा कोचीन दिसेल, पण जहाज तिथे असेलच असं नाही. जहाज परदेशी बंदरात लागल्यावर किनाऱ्यावर टाकलेल्या पत्रावर मात्र त्या देशाचं तिकीट असतं, ते पत्र सोन्यासारखं. सुएझचं एक गणित डोक्यात असू द्या: जून 1967 ते जून 1975 कालवा बंद होता. त्या काळात युरोपातून परतताना पोर्ट सैदचा उल्लेख असेल तर साल चुकलंय, ती जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायची.

मायन्याकडेही बघा. बडोद्याकडच्या घरांत मायना फार काटेकोर असतो. ‘ती. सौ. आईस’ असं लिहिणारा मुलगा एका पत्रापासून ‘ती. गं. भा. आईस’ लिहू लागला, तर मधल्या काळात आजोबा गेले. आजोबांची तारीख घरात ठाऊक असतेच, तिथून गठ्ठ्याचे दोन भाग पडतात. काकूंच्या पत्रात ‘चि. सौ.’ कधीपासून येतं, तेही लग्नाच्या तारखेशी लावा. आणि पत्राच्या सुरुवातीला ‘14 चं कार्ड पोहोचलं’ असं असेल तर त्या पत्राचा आकडा यादीत लिहून ठेवा. घरून गेलेली पत्रं बहुधा शिल्लक नसतात, जहाजावर खणभर जागेत माणूस किती ठेवणार, पण या उत्तरांवरून त्यांचा क्रम कळतो.

शियाबाग_वडोदरा

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता करायला घेतला. एक पत्र घेऊन विचारते, म्हणजे पद्धत कळेल. गठ्ठा ख मधलं इनलँड. वर फक्त ‘सोमवार, 14’. महिना नाही, साल नाही. तिकीट नये पैशातलं. ‘ती. सौ. आईस’ असा मायना. पाठवणाऱ्याच्या जागी ‘आयएनएस वलसुरा, जामनगर’. मजकुरात ‘येत्या दिवाळीला येणं जमेलसं दिसत नाही, फराळाचं पार्सल करू नकोस, इथे पोहोचेपर्यंत चकल्या मोडतात’. आजोबा 1961 च्या मार्चमध्ये गेले.

जुनी_टपाल

छान पत्र आहे. नये पैसे म्हणजे एप्रिल 1957 च्या आधीचं नाही. ‘सौ.’ म्हणजे मार्च 1961 च्या नंतरचं नाही. दिवाळीची गोष्ट चालू आहे, म्हणजे ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर. आता या चार वर्षांत 14 तारीख सोमवारी कधी येते ते बघा: 14 ऑक्टोबर 1957 आणि 14 नोव्हेंबर 1960, दोनच वेळा. 1960 ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होऊन गेली होती, म्हणजे नोव्हेंबरात ‘येत्या दिवाळीला’ कुणी लिहिणार नाही. 1957 मध्ये दिवाळी त्या सोमवारनंतर आठवड्याभरात होती, सगळं बसतं. यादीत ‘1957-10-14’ लिहा आणि शेजारच्या रकान्यात ‘अनुमान: वार, तिकीट, मायना’ असंही लिहा. पत्रावरची तारीख आणि आपण काढलेली तारीख यांत पुढे कुणाचा गोंधळ व्हायला नको.

नौदल_दप्तर

तक्त्यात बघा, 1957 च्या ऑक्टोबरात काकांची वलसुराची नेमणूक किंवा कोर्सचा दाखला आहे का. असेल तर अनुमानाची खात्री झाली. नसेल तर तक्त्यातच भोक आहे, आणि ते भोक या पत्राने भरा. फराळाचं वाक्य यादीच्या टिपणात पूर्ण उतरवा. मेसमध्ये राहणाऱ्या पोराचं घर त्या वाक्यात आहे, आणि कुठल्याच नेमणूक पत्रात ते मिळायचं नाही.

शिक्क्याच्या कागदांबद्दल. ‘कॉन्फिडेन्शियल’ किंवा त्याहून वरचा शिक्का असलेले सगळे कागद आजच वेगळ्या पाकिटात घाला. त्यांचे फोटो काढू नका, भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. कागद जुना झाला की शिक्का आपोआप उतरतो असं नाही. संरक्षण मंत्रालयाचं जून 2021 चं धोरण आहे, त्यात साधारण 25 वर्षांनी दप्तर खुलं करायचं आणि त्याहून जुन्या दप्तराची तज्ज्ञांकडून छाननी करून ते राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवायचं म्हटलंय. पण ते सरकारने सरकारी दप्तराबद्दल घ्यायचे निर्णय आहेत, घरच्या माणसाला परस्पर छापायची मुभा त्यातून मिळत नाही. 1923 चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे.

त्या पाकिटात दोन जातीचे कागद निघतील. एक, काकांच्या व्यक्तीशी संबंधित: नेमणूक, वैद्यकीय तपासणी, वेतन. त्या काळी अशा पत्रांवर खासगीपणासाठी हा शिक्का मारत. दोन, कामाचे: कवायतींचे आदेश, संकेत, यंत्रांची माहितीपुस्तकं, खुणा केलेले नाविक नकाशे. दुसऱ्या जातीचे मजकूर न उतरवता नुसते मोजा, ‘तीन पानी टंकलिखित, 1968’ एवढीच नोंद करा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन, नौदल मुख्यालयाला लेखी कळवून ते परत कसे करायचे याचं मार्गदर्शन घ्या. पत्राची प्रत आणि पोच सांभाळा. साध्या टपालाने मूळ कागद पाठवू नका.

आणि काकूंचे कागद या सगळ्यातून आधी बाजूला काढा: पीपीओ (निवृत्तिवेतन देण्याचा आदेश), निवृत्तीचा आदेश, विवाहाची नोंद असलेला जेनफॉर्म, काकूंची जन्मतारीख असलेला कोणताही सरकारी कागद. ते इतिहासाचे नाहीत, चालू कामाचे आहेत. पीपीओवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी काम अडतं, तो आताच तपासा. हे कागद लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचा शिरतो, शिवाय मूळ सही-शिक्का बोटाने तपासता येत नाही म्हणून काही ठिकाणी असा कागद घेतच नाहीत.

ग्वाल्हेर_किल्ला

स्कॅनिंगबद्दल थोडं. कागद आत ओढून घेणारं यंत्र नको, सपाट काचेचं घ्या. पत्रं 400 डीपीआय (स्कॅनच्या बारकाईचं माप), फोटो 600, सगळं रंगीत. काळं-पांढरं केलं की पेन्सिलीच्या नोंदी आणि पुसट शिक्के जातात. मोबाइलवर करणार असाल तर आपोआप ‘स्वच्छ’ करणारी सोय बंद करा, ती कागदाचा पोत डाग समजून पुसते. कार्बन कॉपीचा पातळ कागद असेल तर मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पलीकडची अक्षरं उमटत नाहीत. कोरी दिसणारी मागची बाजूही घ्या. फाइलचं नाव यादीतल्या आकड्यानेच ठेवा, क-001-पुढे, क-001-मागे. तारीख नावात घालू नका, ती उद्या बदलेल.

तारांचे कागद सगळ्यात आधी स्कॅन करा. त्यावर मजकुराच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, जुना डिंक सुकून पट्ट्या गळतात आणि ‘पोहोचलो’ कुठल्या तारेतलं ते कळत नाही. फॅक्सचा चकचकीत कागद असेल तर तोही लगेच, ती अक्षरं उष्णतेने उमटलेली असतात आणि स्वतःहून उडतात.

आमच्याकडे ग्वाल्हेरला मे महिन्यात हवा इतकी कोरडी की घडीचा कागद उघडताना तुटतो. वडोदऱ्यात ऐन पावसाळ्यात उलट, कागद एकमेकांना चिकटतात. घड्या उघडायचं काम नवरात्रापासून होळीपर्यंत करा. यादी आणि तक्ता मात्र कधीही करता येतो. ग्रुप फोटो माउंटवरून सोलू नका, खालच्या ओळीतली नावं माउंटवरच असतात. चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर पानासकट स्कॅन करा आणि सोडवायचं काम जाणकाराकडे द्या.

शियाबाग_वडोदरा

वलसुराचा दाखला सापडला! ऑगस्ट 1957 ते पुढच्या वर्षीपर्यंतचा लाँग कोर्स, हुद्दा लेफ्टनंट. आता शेवटचा प्रश्न, संस्थेला देण्याचा. भावंडांत दोन मतं आहेत: सरकारी कागद दिल्लीला आणि पत्रं घरी, किंवा सगळंच द्यावं.

अभिलेख_सेवक

वाटणी करू नका. वलसुराचा दाखला आणि चकल्यांचं पत्र एकत्र असतील तरच दोघांचं मोल. द्यायचं तर काकूंच्या चालू कागदांशिवाय बाकी सगळं एकाच ठिकाणी द्या आणि घरी स्कॅन ठेवा, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. पुराचा धोका असलेल्या घरात दोन्ही डिस्क ठेवून उपयोग नाही.

ठिकाणं: राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागदपत्रं स्वीकारतं. दिल्लीला युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये सैनिकी इतिहासाचं केंद्र आहे. मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी आहे, व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी 1978 मध्ये सुरू केलेली, नौदलाच्या पश्चिम विभागाशी जोडलेली. मला मुंबई जास्त योग्य वाटते, कारण पत्रं मराठीत आहेत आणि ती वाचू शकणारा माणूस तिथे सहज मिळेल. वाचणाराच नसेल तर पत्रं नुसती डब्यात राहतात. आधी मूळ कागद पाठवू नका, यादी आणि पाच-सहा पत्रांच्या प्रती पाठवा आणि तीन गोष्टी लेखी विचारा: गठ्ठ्यांचा क्रम तसाच ठेवणार का, कुटुंबाला बघायला कधीही मिळेल का, आणि काही पत्रं ठरावीक वर्षं बंद ठेवता येतील का. काकूंना लिहिलेली पत्रं आहेत, त्यांना विचारल्याशिवाय एकही देऊ नका. त्या म्हणतील तेवढी वर्षं बंद, असं दानपत्रात लिहून घ्या.

दानपत्रात कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क वेगवेगळे लिहा. भारतात लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. काकांच्या पत्रांचा हक्क काकूंचा आणि बाकी वारसांचा, मग इच्छापत्र असेल तर त्याप्रमाणे. पण ट्रंकेत काकांच्या मित्रांनी त्यांना लिहिलेली पत्रं असतील तर त्यांचा हक्क त्या मित्रांच्या घरच्यांचा. कागद देता येतो, छापायची परवानगी देता येत नाही. अशी पत्रं यादीत वेगळ्या रंगाने दाखवा.

आणि पावसाआधी एक करून ठेवा. कपाटाच्या खालच्या कप्प्यात काहीही ठेवू नका, आणि घट्ट झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे रिकामे तयार ठेवा, पाणी वाढतंय असं कळलं की गठ्ठे त्यात घालून वर न्यायला. एरवी कागद त्या डब्यात ठेवायचे नाहीत, दमट हवा आत कोंडते. तरी भिजलेच तर गठ्ठे तिथेच सोडवत बसू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात सगळं वाळवणं होत नाही. आजीच्या क्रमात, गठ्ठ्यागणिक मेणकागदात गुंडाळून ओळखीच्या कुणाच्या डीप फ्रीजरमध्ये घाला. गोठलेला कागद थांबून राहतो, मग एकेक गठ्ठा काढून टीपकागदाच्या घड्यांत, पंख्याची हवा थेट न लागेल असा वाळवता येतो. आइस्क्रीमचं दुकान किंवा डेअरी जवळ असेल तर आताच विचारून ठेवा.

शियाबाग_वडोदरा

दांडिया बाजारात डेअरी आहे ओळखीची, उद्याच बोलते. काकूंना आज पत्रांबद्दल विचारलं. 1964 च्या आधीची द्या म्हणाल्या, पुढची त्यांच्या नंतर. तसंच लिहून घेऊ.